कान दे

ब्लूटूथ स्पीकरला एक बारीक निळा दिवा असतो. एरवी तो लक्षातही येत नाही. पण कॅमेऱ्याची फिल्म धुण्यासाठी ठाण्यातल्या आमच्या कोपरीच्या घराच्या न्हाणीघरात खिडकीला काळा पुठ्ठा लावला, दाराखाली टॉवेल कोंबला, फटींवर चिकटपट्ट्या मारल्या आणि आत दहा मिनिटं नुसती बसून राहिले, की तोच दिवा अख्खी भिंत उजळवतो. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी रात्री मी त्याच्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवत होते. टेप दाबून बसवताना अंगठा मध्येच थांबला. असाच एक दिवा असाच झाकताना मी कुणाला तरी पाहिलं होतं.

तो रेडिओचा दिवा होता. १९९१चा मे महिना. बारावीची परीक्षा देऊन मी घरी बसले होते आणि जांभळी नाक्याजवळच्या एका फोटो स्टुडिओत दोन महिन्यांपुरती मुलगी हवी होती. काउंटरवर पावत्या फाडायच्या, पाकिटांवर नावं घालायची, एवढंच काम. शोकेसमध्ये नवरा-नवरीचे हाताने रंगवलेले फोटो, आत पडदा आणि लाकडी स्टूल, मागे जिना, आणि जिन्याखालच्या तिरक्या छपराच्या खोलीत डार्करूम. तिथे काका असायचे. नात्याने माझे कुणी नव्हेत, पण सगळा नाका त्यांना काकाच म्हणायचा. कॉलेजप्रवेशांचा हंगाम होता. फॉर्मवर लावायचे कृष्णधवल फोटो संध्याकाळी काढून सकाळी द्यावे लागत. एकट्या काकांना ते आवरेना आणि आठवड्याभरात मी काउंटरवरून आत गेले.

आत लाल झिरोचा बल्ब, तीन ट्रे, भिंतीला लागून एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हचं चित्र कागदावर मोठं करून पाडायचं यंत्र, आणि फळीवर जुना मर्फी रेडिओ. त्याच्या डायलमागे पिवळा दिवा लागायचा, म्हणून काकांनी अख्ख्या डायलवर काळी टेप मारली होती. काटा आकाशवाणीच्या मुंबई ‘ब’वर बसवलेला. तो कधी हलवायचाच नव्हता, तेव्हा डायल दिसण्याची गरजही नव्हती. दुकान उघडलं की काका आधी टेपच्या कडा अंगठ्याने दाबून घेत, कारण मेच्या उकाड्यात डिंक सुटायचा. ‘आपली आवड’ लागलं की गाण्याआधी पत्रं पाठवणाऱ्यांची नावं वाचली जायची. अमुक गाव, तमुक तालुका, आणि घरातली सगळी मंडळी. त्या लाल काळोखात हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या औषधाच्या, वासात उभं राहून, कधीही न भेटणाऱ्या माणसांची नावं ऐकायला मला फार आवडायचं.

ब्रोमाइडच्या, म्हणजे फोटो छापायच्या, कागदाला निळा उजेड कळतो, लाल कळत नाही, म्हणून प्रिंटिंगला लाल दिवा चालतो. तोही खरोखर चालतो का, हे काका अधूनमधून तपासायचे. कागदाच्या तुकड्यावर आठ आण्याचं नाणं ठेवून पाच मिनिटं दिव्याखाली सोडायचं आणि मग तो तुकडा धुवायचा. नाण्याचा गोल उमटला तर बल्ब बदलायचा. घड्याळ त्या खोलीत होतं, पण ते माझ्यासाठी. काका एका भजनी मंडळात तबला वाजवायचे आणि डेव्हलपरमधल्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या औषधातल्या, कागदाचा वेळ ते ट्रेच्या कडेवर बोटांनी मोजायचे. तीनतालाची आठ आवर्तनं, सेकंदाला एक मात्रा, म्हणजे दोन मिनिटं आणि वर थोडं. चित्र पहिल्या दोन आवर्तनांतच उमटायला लागतं. नवखा माणूस तिथेच कागद उचलतो, मीही उचलायचे, आणि मग फोटोतला काळा रंग शेवटपर्यंत राखाडीच राहतो. “सम येऊ दे,” काका म्हणायचे. आणि हायपोतून काढलेला फोटो मी खुशीत दिव्याखाली धरला, की म्हणायचे, “आत्ता नको बघूस. ओला फोटो खोटं बोलतो.” ते खरंच आहे. असला कागद वाळला की एक छटा गडद होतो. ओला असताना नेमका वाटलेला चेहरा सकाळी काळवंडलेला दिसतो.

डार्करूममधली एक गोष्ट मात्र लाल दिव्यातही करता येत नाही. फिल्मला सगळे रंग कळतात. रोल उघडून तो स्टीलच्या स्पायरलवर गुंडाळायचा आणि टाकीत ठेवून झाकण लावायचं, हे सगळं ठार काळोखात. ते करताना काका रेडिओही बंद करायचे. पहिल्यांदा मी रडकुंडीला आले होते.

“काका, काहीच दिसत नाही.”

“दिसायला नकोच आहे. दाबू नकोस, ढकलू नकोस. कान दे.”

फिल्म स्पायरलच्या खाचेत नीट बसत असते तेव्हा तिचा आवाज एकसारखा येतो, सुती साडीच्या निऱ्या घालताना येतो तसा, हलका आणि सलग. खाच चुकली की बारीक कट्ट होतं. ते कट्ट ऐकूनही पुढे गेलं तर फिल्म मुडपते आणि त्या जागी निगेटिव्हवर चंद्रकोरीसारखा डाग कायमचा उमटतो. दोन थर एकमेकांना चिकटले तर तिथे औषध पोचतच नाही. म्हणून कट्ट झालं की थांबायचं, दोन वेढे मागे यायचं, पुन्हा लावायचं. हे काकांनी मला एकदाही दाखवलं नाही, कारण दाखवता येत नाही. काळोखात माझ्या शेजारी उभं राहून त्यांनी ते फक्त सांगितलं.

पुढची पंचवीस वर्षं एका परिच्छेदात बसतात. मी बँकेत लागले. जिकडेतिकडे रंगीत मिनीलॅब आल्या, मग डिजिटल कॅमेरे, मग मोबाईल. स्टुडिओ बंद झाला. त्या जागी आता चपलांचं दुकान आहे.

पॉडकास्ट माझ्या आयुष्यात आले ते ठाणे-वाशी गाडीमुळे. ही ट्रान्स-हार्बर लाइन २००४ साली सुरू झाली आणि माझी बदली वाशीला झाल्यापासून रोज सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास मी तिच्यात असते. गर्दीत पुस्तक उघडता येत नाही. मुलीने फोनमध्ये काहीतरी लावून दिलं आणि शोधता शोधता मी ‘फिल्म फोटोग्राफी प्रोजेक्ट’पाशी पोचले. अमेरिकेत न्यू जर्सीतले मायकेल रासो यांनी तो २००९ साली सुरू केला. ती वेळ लक्षात घेण्याजोगी आहे. कोडॅकने कृष्णधवल कागद बनवणं २००५ सालीच सोडलं होतं. फिल्म आणि कागद बनवणाऱ्या इल्फर्डच्या ब्रिटनमधल्या कारखान्याचा कारभार त्याच्या आदल्या वर्षी, २००४ मध्ये, बुडीत कंपनीचा ताबा घेणाऱ्यांच्या हाती गेला होता आणि तिथल्याच काही अधिकाऱ्यांनी तो विकत घेऊन हार्मन या नावाने चालू ठेवला. २०१२ च्या जानेवारीत कोडॅक स्वतःच दिवाळखोरीत गेली. ज्या वर्षांत सगळे फिल्मचं तेरावं उरकायला निघाले होते, त्या वर्षांत काही माणसं मायक्रोफोनसमोर बसून डेव्हलपरच्या तापमानावर तास-तास बोलत होती. मला त्यांचा तो हट्ट फार आवडला. त्या कार्यक्रमात श्रोत्यांची पत्रं वाचली जातात, नाव आणि गावासकट. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी रबाळ्याला दाराशी उभी होते आणि मला एकदम ‘आपली आवड’ आठवलं.

मग इंग्लंडमधला ‘सनी सिक्स्टीन’ सापडला. नाव फिल्मवाल्यांच्या एका जुन्या नियमावरून आहे: स्वच्छ उन्हात लेन्सचं छिद्र एफ-१६ ठेवा आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका (फिल्मला उजेड किती कळतो हे सांगणारा आकडा), म्हणजे १०० च्या फिल्मला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग. उजेड मोजायचं मीटर लागत नाही. काकांचाही असाच एक नियम होता, फक्त ते आकाशाकडे न बघता जमिनीकडे बघायचे. सावलीची कड चाकूने कापल्यासारखी दिसली तर एक हिशेब, कड विरघळलेली दिसली तर दुसरा, सावलीच नसेल तर तिसरा. दिवाळीनंतरच्या ठाण्यात पहिला चालतो, मेच्या दमट पांढऱ्या उजेडात दुसरा, आणि जून लागला की सगळा मामला तिसऱ्याचा.

फोटोंवर बोलायचं आणि फोटो दाखवायचाच नाही, हा प्रकार मला आधी अडखळवणारा वाटला. पण दोनचार महिन्यांत लक्षात आलं की दाखवता येत नाही म्हणूनच ही माणसं नेमकं बोलतात. ‘बघा, इथे कसा मस्त आलाय’ म्हणायची सोय नाही. मग त्यांना सांगावं लागतं की खिडकीचा उजेड डाव्या गालावर आहे, उजवा गाल जवळजवळ काळा आहे पण त्यातही कानाची पाळी दिसते, आणि ती दिसावी म्हणून तेवढ्या भागावर चार सेकंद हाताची सावली धरली. तुर्भे येईपर्यंत तो चेहरा माझ्यासमोर पूर्ण उभा राहिलेला असतो. काकाही असंच बोलायचे. निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये घालण्याआधी उजेडाला धरून ते पुटपुटायचे, “कपाळ जळालंय. शर्ट गेलाय. डोळे वाचतील.”

घणसोली आणि कोपरखैरणेच्या मध्ये एकदा कुणीतरी एक फॉर्म्युला वाचून दाखवला. एक लिटर पाण्याला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. कोडॅकचं डी-७६, मूळ सिनेमाच्या फिल्मसाठी काढलेलं, १९२७ पासून चालत आलेलं. मला ते आकडे ऐकताना पुढचा आकडा आधीच माहीत होता. डार्करूमच्या भिंतीवर, स्विचबोर्डशेजारी, पेन्सिलीने लिहिलेलं होतं: मे २, स १००, हा ५, बो २. काका त्याला ‘आपला डेव्हलपर’ म्हणायचे आणि मी इतकी वर्षं धरून चालले होते की तो त्यांनीच बनवलेला असणार. तो जगभरचा होता. त्याने काकांचं मोठेपण माझ्या मनात कमी झालं नाही, उलट वाढलं. जिन्याखालच्या खोलीत बसून ते एका फार मोठ्या स्वयंपाकघरातलं जेवण रांधत होते. त्यात त्यांची स्वतःची एक शिस्त होती. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावरच उरलेलं सल्फाइट. क्रम चुकला तर मेटॉल विरघळतच नाही, कारण सल्फाइटच्या दाट पाण्यात ते उतरत नाही. आणि ती पहिली चिमूट त्याला हवेपासून जपते. काकांनी कारण कधी सांगितलं नव्हतं, फक्त फोडणीत मोहरी आधी असते एवढंच म्हणाले होते.

मोहरीची गोष्टही अशीच प्रवासात कळली. फिल्मवरचा थर म्हणजे जिलेटिनमध्ये कालवलेले चांदीच्या क्षारांचे कण, आणि जिलेटिन येतं जनावरांच्या हाडा-कातड्यांतून. कधी जिलेटिनचा माल उत्तम निघायचा, कधी फिल्म मंद निघायची. १९२०च्या दशकात कोडॅकमधले शास्त्रज्ञ सॅम्युअल शेपर्ड यांनी कारण शोधलं. मोहरीच्या जातीची झाडं खाल्लेल्या जनावरांच्या जिलेटिनमध्ये गंधकाचे अंश उतरतात आणि त्यांनी फिल्म उजेडाला जास्त तिखट होते. हायपोचंही तसंच. काका फिक्सरला कधी फिक्सर म्हणाले नाहीत, हायपोच म्हणाले. हायपो हा शब्द ‘हायपोसल्फाइट’चा तुकडा आहे, आज ज्याला सोडियम थायोसल्फेट म्हणतात त्याचं जुनं नाव. जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये पाहिलं की ते चांदीचे क्षार विरघळवतं आणि वीस वर्षांनी, फोटोग्राफी जन्मताना, ते कामाला आलं. रसायनशास्त्राने ते नाव कधीच टाकून दिलं, स्टुडिओंनी जपलं.

सगळ्यात जास्त मनात राहिली ती सुप्त प्रतिमेची गोष्ट. शटर उघडून मिटतं त्या क्षणी फिल्मवर चित्र झालेलं असतं, पण दिसण्यासारखं काहीच नसतं. चांदीच्या क्षाराच्या एका कणात चारेक अणूंएवढी चांदी सुटी झालेली असते, बस. डेव्हलपर तेवढ्या खुणेवरून तो अख्खा कण काळा करतो, म्हणजे अब्जावधी पटीने वाढवतो. आणि ही खूण टिकते. १८९७ मध्ये स्वीडनचे आंद्रे आणि त्यांचे दोन सोबती बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि परतले नाहीत. १९३० मध्ये एका ओसाड बर्फाळ बेटावर त्यांचे अवशेष सापडले, सोबत फिल्मही. तेहतीस वर्षं बर्फात पडलेल्या त्या फिल्ममधून नव्वदहून जास्त चित्रं निघाली. बर्फावर आडवा पडलेला बलून आणि त्याकडे बघत उभी असलेली दोन माणसं. हे ऐकलं त्या संध्याकाळी मी ठाण्याला उतरले आणि फलाटावरच्या बाकावर बसून राहिले. डोक्यात एकच होतं, की माझ्या हातांना अजून येत असेल का.

मुंबईच्या बोरा बाजारात जाऊन फिल्म आणली. कल्याणच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून एन्लार्जर मिळाला. तो आता वॉशिंग मशीनवर बसतो आणि ट्रे कमोडवर आडव्या टाकलेल्या फळीवर. पहिला रोल पूर्ण काळपट धुरकट निघाला. खिडकी बंद, दार बंद, फटी बंद, मग उजेड आला कुठून हे मला दोन दिवस कळेना. गीझरचा लाल दिवा होता तो. कागदाला लाल चालतो ही सवय हातात इतकी मुरलेली, की फिल्मला तो चालत नाही हे डोळ्यांनी नोंदवलंच नाही. कोपरीच्या मुलांचे तलावपाळीवरचे छत्तीस फोटो गेले. आता गीझरचं बटण बंद केल्याशिवाय मी रोल हातात घेत नाही.

आमच्याकडे खरी अडचण पाण्याची, आणि ती दुहेरी आहे. पुस्तकं, पाकिटं, पॉडकास्ट सगळे वीस अंश सेल्सियस धरून बोलतात. ठाण्यात मे महिन्यात नळाचं पाणी तिशीला टेकतं. जिलेटिन गरम पाण्यात फुगून मऊ पडतं, नखाने खरवडलं जातं. त्याहून वाईट म्हणजे एका ट्रेमधून दुसऱ्यात जाताना तापमान एकदम बदललं तर थराला बारीक सुरकुत्या पडतात, सुकलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या. काका कोळणीकडून बर्फ आणून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रेमध्ये सोडायचे. मी बाटल्या एका बादलीत उभ्या करते, बादलीत बर्फाच्या पिशव्या टाकते आणि चोवीस अंशांवर सगळ्यांना एकत्र आणते. वीसला तेरा मिनिटं लागणारी फिल्म चोवीसला साधारण सव्वानऊ मिनिटांत होते. दुसरी अडचण धुण्याची. फिल्म वाहत्या पाण्याखाली अर्धा तास धरावी असं जुनी माणसं सांगतात, आणि आमच्या इमारतीत टाकी कधी रिकामी होईल याचा नेम नाही. इल्फर्डची एक पद्धत पॉडकास्टवरच कळली. टाकीत पाणी भरा, पाच वेळा उलटीसुलटी करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. झालं. दोन लिटरच्या आत काम होतं. पाणीकपातीच्या आठवड्यात मी त्या सांगणाऱ्याला मनापासून दुवा दिला.

कॅफेनॉल, म्हणजे कॉफीचा डेव्हलपर, तोही केला, मुलीच्या आग्रहाखातर. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थ्यांच्या वर्गात निघालेली ही युक्ती. लिटरभर पाण्यात धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्व १६ ग्रॅम, स्वस्तातली इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम. काम कॅफीन करत नाही, कॉफीतलं कॅफिक आम्ल करतं. किराणा दुकानातून आणलेल्या वस्तूंनी निगेटिव्ह उमटतं हे बघून मुलगी नाचायची बाकी राहिली. वास मात्र असा, की दोन दिवस घरात कुणी कॉफी प्यायलं नाही.

लोक विचारतात, हे सगळं कशाला? आणि उत्तरही तेच देतात, की यात संथपणा असतो, मन शांत होतं. पॉडकास्टवरही हे फार ऐकू येतं आणि मला ते पटत नाही. प्रवेशांच्या दिवसांत काकांच्या खोलीत काहीही संथ नव्हतं. कागदांची चळत, घाम, बाहेरून मालकांच्या हाका, हातांना आम्लाची चुरचुर. तरीही ती खोली मला ओढून घ्यायची. आज कळतं ते असं, की तिथे दर क्षणी काहीतरी ठरवावं लागायचं आणि ठरलेलं परत घेता यायचं नाही. आकाश सहा सेकंद जास्त जाळायचं, म्हणजे जास्त उजेड देऊन गडद करायचं, ठरवलं, पंजा उजेडात धरून हलवत राहिला, ते झालं. सायकलच्या स्पोकला चिकटवलेला पुठ्ठ्याचा गोल चेहऱ्यावर धरला, तो थरथरला, तरी ते झालं. त्याच निगेटिव्हचा पुढचा प्रिंट तसाच्या तसा येत नाही. अमेरिकेचे फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स पियानो शिकलेले होते आणि ते निगेटिव्हला स्वरलेखन म्हणायचे, प्रिंटला वादन. पॉडकास्टवाले हे वरचेवर सांगतात. मी ऐकताना तिथे बंदिश आणि मैफल घालते, कारण काका ट्रेच्या कडेवर मोजत होते ते मी पाहिलंय.

माझी या कार्यक्रमांबद्दल एक खरी तक्रार आहे. त्यांतला अर्धा वेळ कॅमेऱ्यांच्या खरेदीत जातो. कुठली जुनी लेन्स कितीला मिळाली, कुठल्या कॅमेऱ्याचं शटर कसं वाजतं. वाजण्याचं मला चालतं, खरेदीचं मी पुढे सरकवते. प्रिंटिंगवर बोलणारे भाग थोडे, पण ते मी चारचारदा ऐकलेत. काळोखात टाइमर टिकटिकत असतो, पाण्याचा थेंब पडतो आणि कुणीतरी सांगत असतं की आता मी कागदाचा कोपरा उचलतोय.

आणि दुसरी रुखरुख, जी त्या कार्यक्रमांबद्दल नाही. हे सगळं मराठीत का नाही? ठाण्याला पहिली आगगाडी आली १६ एप्रिल १८५३ ला, आणि पुढच्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिथे फोटो काढत होते. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले. कोरी फिल्म तेव्हा बिनभोकांची यायची. ती भोकं पाडण्याचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई काळोखात करायच्या, आणि फिल्म धुण्याचंही. घर, मुलं, कामावरच्या माणसांचा स्वयंपाक, आणि रात्री हे. यंत्र सरळ चाललंय की फिल्म तिरकी जातेय, हे त्या कशावरून ओळखत? आवाजावरून ओळखत असणार, मला यात शंका नाही. त्यांच्या तोंडून ते ऐकायला मिळायला हवं होतं.

म्हणून गेल्या पावसाळ्यात मी वाशीहून परतताना ऐरोलीला उतरायला लागले. काका तिथे मुलाकडे राहतात. सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. डाव्या डोळ्याने जवळपास दिसत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला ओळखलं ते नावावरून नव्हे. मी “ओला फोटो खोटं बोलतो” म्हटलं, तेव्हा ओळखलं. टीपॉयवर फोन ठेवून मी रेकॉर्डिंग चालू केलं. आधी ते त्या फोनशीच बोलत होते, नभोवाणीवर बोलावं तसं, ‘मंडळी’ म्हणून. तिसऱ्या शनिवारपासून माझ्याशी बोलायला लागले.

आता माझ्याकडे अकरा तासांचं बोलणं आहे. त्यात उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद आहे. पावसात त्याची खोकी तांदळाच्या डब्याशेजारी ठेवायचे, कारण घरातली सगळ्यात कोरडी जागा ती. वापरलेला हायपो न्यायला येणारा माणूस आहे. तो त्यातून चांदी काढायचा आणि कॅन उचलण्याआधी त्यात तांब्याचा तुकडा बुडवून बघायचा, तांब्यावर चांदीचा पांढरट लेप किती चढतो त्यावर भाव ठरायचा. एका बाईचा फोटो आहे, जिचा नवरा वारला होता आणि घरात त्याचा एकच फोटो होता, तोही घोळक्यातला. त्यातून एक नखाएवढा चेहरा मोठा करायला काका तीन रात्री बसले होते. “डोळे वाचले,” ते म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत. मी हे सगळं एकेक भाग करून ऐकवणार आहे. नाव ठरलेलं नाही. मुलीने सुरुवातीला वाजवायला तबला मागितला, काकांनी टीपॉयवरच बोटांनी वाजवून दिला.

गेल्या शनिवारी मी चेंजिंग बॅग घेऊन गेले होते. काळ्या दुहेरी कापडाची, दोन बाह्यांची पिशवी, जिच्यात हात घालून उजेडातही रोल चढवता येतो. सोबत एक वाया गेलेला रोल आणि स्टीलचं स्पायरल. काकांच्या हातांना अलीकडे कंप आहे. त्यांनी बाह्यांमधून हात आत सरकवले, मनगटांवरचं इलॅस्टिक मी नीट केलं. ते बोलत होते. रोलची डबी कशी उघडायची, फिल्मचं जिभेसारखं टोक कापायचं, कापलेल्या कडेवरून बोट फिरवून ती सरळ आहे ना ते बघायचं, मग स्पायरलच्या मधल्या चापात ती अडकवायची. सुनेने आतून विचारलं, “बाबा, चहा ठेवू का?” त्यांनी मान हलवली, ती तिला दिसली नसावी. मग ते बोलायचे थांबले. मान किंचित कलली, चांगला कान पिशवीकडे झाला.

रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी एक मिनिट बारा सेकंद कुणी बोलत नाही. पंखा ऐकू येतो. कुकरची एक शिट्टी. खालून गेलेल्या रिक्षाचा हॉर्न. आणि या सगळ्याच्या खाली, आवाज पूर्ण वाढवला तर, निऱ्या घातल्यासारखं काहीतरी सलग सरकतंय. मध्ये एकदा कट्ट होतं. सरकणं थांबतं, मागे येतं, पुन्हा सुरू होतं.

मग काकांचा आवाज येतो. “चढली.”